मी बारीक, बायको जाड, मग साखर माझीच का वाढली? चरबीच्या हार्मोन्सबद्दल सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्न विचारणारे ३८ वर्षांचे, उंची १७० सेंमी, वजन ६६ किलो. घरीदारी सगळे त्यांना बारीकच म्हणतात. तपासणीत एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २३० आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं. पत्नीची उंची १५८ सेंमी, वजन ७६ किलो, आणि त्यांचा एकूण एक रिपोर्ट नॉर्मल. लॅबच्या 'ॲडव्हान्स्ड' पॅकेजमध्ये दोघांचं लेप्टिन आणि ॲडिपोनेक्टिन, म्हणजे चरबीची दोन हार्मोन्सही तपासली होती. पत्नीच्या लेप्टिनसमोर लाल अक्षरात 'हाय', यांच्या ॲडिपोनेक्टिनसमोर 'लो'. त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत: चरबी हार्मोन बनवते म्हणजे नेमकं काय करते, हा उलटा न्याय कसा, आणि लेप्टिनचं इंजेक्शन घेऊन काही होतं का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पैसे तिथेच जायचा धोका आहे. नाही, तुम्हा दोघांनाही लेप्टिनचा उपयोग नाही. इंटरनेटवर 'लेप्टिन बूस्टर' म्हणून गोळ्या आणि पावडरी विकतात, त्यांचा तर कुणालाच नाही. लेप्टिन हे प्रथिन आहे. तोंडावाटे घेतलं तर पोटात त्याचं तेच होईल जे उकडलेल्या अंड्याचं होतं. इंजेक्शन आहे, पण ते एक-दोन फार दुर्मिळ आजारांसाठी. त्या आजारांकडे पुढे येतोच, कारण तुमच्या कोड्याचं निम्मं उत्तर तिथे आहे.

आपल्या भाषेत चरबी ही जवळजवळ शिवीच. 'फार चरबी चढलीय का?' असं आपण माजलेल्या माणसाला विचारतो. वैद्यकातही तिला फारसा मान नव्हता. मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला असताना डिसेक्शन हॉलमध्ये चरबी म्हणजे चिमट्याने ओरबाडून बाजूला करायची गोष्ट होती, खालची शीर नीट दिसावी म्हणून. पिवळे गोळे टेबलाखालच्या बादलीत जायचे. परीक्षेत त्यावर प्रश्न यायचा नाही, त्यामुळे कुणी वर मान करूनही बघायचं नाही. पुढे काही वर्षांतच कळलं की त्या बादलीत आम्ही शरीरातली एक फार मोठी ग्रंथी फेकत होतो.

चरबीची पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर अंगठीसारखी दिसते. आतली सगळी जागा तेलाच्या एकाच थेंबाने व्यापलेली, आणि पेशीचं केंद्रक बिचारं कडेला चेपून खड्यासारखं बसलेलं. ही पेशी फुगते, आकसते, आणि आपण किती भरलेलो आहोत याची खबर सतत रक्तात सोडत राहते. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या गटाने २००८ साली दाखवलं की प्रौढ वयात या पेशींची संख्या जवळपास ठरलेली असते. त्यासाठी त्यांनी १९५० आणि ६० च्या दशकातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेला किरणोत्सारी कार्बन मोजला. दरवर्षी साधारण १० टक्के पेशी मरतात, तेवढ्याच नव्या येतात. वजन उतरलं तरी संख्या उतरत नाही, पेशी फक्त रिकाम्या होतात. जाड झालेला माणूस बारीक होतो तेव्हा त्याच्याकडे तितकीच पोती असतात, फक्त सैल पडलेली. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता लेप्टिन. ही गोष्ट अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत सुरू होते. १९४९ साली तिथे उंदरांच्या एका वाणात काही पिल्लं बेसुमार जाड होताना दिसली. पुढे त्याच प्रयोगशाळेत दुसरा एक वाण सापडला, तोही जाड आणि वर मधुमेही. डग्लस कोलमन यांनी मग एक विलक्षण प्रयोग केला. दोन उंदीर शस्त्रक्रियेने एकमेकांना असे जोडायचे की एकाचं रक्त दुसऱ्यात फिरेल. पहिल्या वाणाचा जाड उंदीर साध्या उंदराला जोडला, तर जाड्याची भूक कमी झाली आणि तो उतरला. दुसऱ्या वाणाचा मधुमेही उंदीर साध्याला जोडला, तर मधुमेही तसाच राहिला आणि साधा उंदीर खाणं सोडून उपासमारीने मेला. कोलमन यांनी अर्थ लावला: 'पुरे झालं' असं सांगणारी काहीतरी चीज रक्तात असली पाहिजे. पहिल्या वाणाला ती बनवता येत नाही. दुसऱ्याकडे ती भरपूर आहे, पण त्याला ती ऐकू येत नाही. ती चीज हाती नसताना, फक्त रक्त जोडून काढलेला हा निष्कर्ष आहे. विद्यार्थ्यांना शिकवताना मी अजूनही इथे थांबतो.

ती चीज सापडली १९९४ च्या अखेरीस, न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात, जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत. चरबीची पेशीच ती बनवत होती. 'बारीक' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून तिचं नाव लेप्टिन ठेवलं. पुढच्याच वर्षी ॲमजेन कंपनीने हक्कांसाठी दोन कोटी डॉलर मोजले. लठ्ठपणाचं औषध सापडलं, अशी सगळ्यांची खात्री झाली होती.

आणि मग माणसांचं रक्त तपासलं. लठ्ठ माणसांत लेप्टिन कमी नव्हतंच, उलट भरपूर होतं. जितकी चरबी जास्त तितकं ते जास्त. आपण बहुतेक सगळे त्या दुसऱ्या उंदराच्या जातीचे निघालो. १९९९ साली लठ्ठ माणसांना रोज लेप्टिनची इंजेक्शनं दिल्याच्या चाचणीचे निकाल आले. थोड्यांचं वजन बरं उतरलं, बहुतेकांचं किरकोळ, आणि इंजेक्शनच्या जागा मात्र लाल होऊन सुजल्या. औषधाची कथा तिथे बारगळली.

एक अपवाद होता, आणि तो डोळ्यांत पाणी आणणारा आहे. १९९७ साली केंब्रिजमध्ये स्टीफन ओ'राहिली यांच्या गटाला मूळ पाकिस्तानी कुटुंबातली दोन चुलत भावंडं सापडली, ज्यांच्यात लेप्टिन बनतच नव्हतं. जन्मतः वजन सामान्य, पण काही महिन्यांतच न शमणारी भूक. त्यातली मुलगी नऊ वर्षांची असताना ९४.४ किलोची होती. सदफ फारूकी आणि सहकाऱ्यांनी तिला रोज लेप्टिन द्यायला सुरुवात केली. वर्षभरात १६.४ किलो उतरले, म्हणजे उतरली ती जवळपास सगळी चरबीच. आणि ते पोर इतर पोरांसारखं जेवायला लागलं. हा दोष आई-वडील दोघांकडून यावा लागतो, म्हणून नात्यातल्या लग्नांत तो जास्त दिसतो. आपल्याकडेही मामाच्या मुलीशी लग्न करायची पद्धत काही समाजांत आहे. तेव्हा तान्हेपणापासून वखवखलेलं, पहिल्या वर्षापासूनच प्रचंड वाढणारं मूल असेल, तर लेप्टिनची तपासणी जरूर करावी. माझ्या मते लेप्टिन तपासायला जी मोजकी कारणं आहेत त्यांतलं हे पहिलं. तुमच्या पॅकेजवाल्यांना ते बहुधा माहीत नसावं.

मग तुमच्या पत्नीच्या लेप्टिनपुढचा तो लाल 'हाय' काय सांगतो? ७६ किलो वजन आहे, एवढंच. ते वजनकाट्याने फुकट सांगितलं असतं. शिवाय बायकांमध्ये लेप्टिन पुरुषांपेक्षा मुळातच दोन-तीन पट असतं, कारण त्यांची चरबी बरीचशी कातडीखाली, मांड्या-नितंबांवर असते आणि ही चरबी पोटातल्या चरबीपेक्षा जास्त लेप्टिन सोडते. त्यांना सांगा, त्या लाल अक्षराची काळजी करू नका.

लेप्टिनचा खरा धंदा वेगळा आहे, असं आता बहुतेक जण मानतात. 'पोट भरलं' हे सांगण्यापेक्षा 'कोठार रिकामं होतंय' हे ओरडून सांगणं हे त्याचं मुख्य काम. कडकडीत उपास केलात (एकादशी दुप्पट खाशी, तो नव्हे) तर दोन-तीन दिवसांत लेप्टिन कितीतरी पटीने कोसळतं, चरबी मात्र तेवढ्यात जेमतेम हललेली असते. मेंदू समजतो की दुष्काळ पडला. भूक वाढते, थायरॉईडचं काम मंदावतं, मुलींची पाळी जाते. अति व्यायाम करणाऱ्या, अति बारीक धावपटू मुलींची पाळी बंद होते, तेव्हा त्यामागे बऱ्याच अंशी लेप्टिनची ही घसरण असते. वजन १० टक्के उतरवलेल्या माणसांवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रोझेनबॉम आणि लाइबेल यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. उतरलेला माणूस त्याच वजनाच्या, कधीच जाड नसलेल्या माणसापेक्षा कमी उष्मांक जाळतो. आणि अगदी थोडं लेप्टिन भरून दिलं की हा फरक बराचसा मिटतो. मघाची सैल पोती आठवा. ती रिकामी पोतीच मेंदूला सांगत असतात की भरा. डाएट करून वजन परत आलेल्या पेशंटला 'मनावर ताबा नाही' असं ऐकवणारे नातेवाईक माझ्या खोलीत रोज बसलेले असतात. बरेचदा डॉक्टरच ऐकवतात. मीही पहिली काही वर्षं ऐकवायचो.

आता तुमच्याकडे येतो, म्हणजे ॲडिपोनेक्टिनकडे. हे १९९५-९६ च्या सुमारास अमेरिकेत आणि जपानमध्ये ओसाकाला स्वतंत्रपणे सापडलं. लेप्टिनपेक्षा रक्तात हजार पटीने जास्त असतं, आणि गंमत म्हणजे चरबीची पेशीच ते बनवते, पण पेशी फुगत गेली की ते कमी होत जातं. विशेषतः पोटाच्या आतली चरबी वाढली की. यकृताला ते सांगतं, साखर कमी सोड. स्नायूला सांगतं, चरबी जाळ. ॲडिपोनेक्टिन भरपूर असलं की इन्सुलिनचं ऐकलं जातं.

फिलिप शेरर यांच्या गटाने २००७ साली एक उंदीर तयार केला. लेप्टिन नसलेला जाड वाण घेतला आणि त्याच्या चरबीत ॲडिपोनेक्टिन जास्त बनेल अशी सोय केली. हे उंदीर आपल्या आधीच जाड असलेल्या भावंडांपेक्षाही कितीतरी जाड झाले, फुग्यासारखे. आणि त्यांची रक्तशर्करा नॉर्मल. सगळी चरबी कातडीखाली, छोट्या छोट्या पेशींत नीट रचलेली. यकृत मात्र स्वच्छ. भावंडं त्यांच्याहून हडकुळी आणि मधुमेही. तुमच्या घरातलं चित्र साधारण हेच आहे, राग मानू नका.

याच्या अगदी उलट टोकाचा पेशंट मला बऱ्याच वर्षांपूर्वी भेटला. विशीतली मुलगी, 'पीसीओडी' म्हणून पाठवलेली. दंड-पोटऱ्या पहिलवानासारख्या पिळदार, शिरा दोरीसारख्या वर आलेल्या, चेहरा आणि मान मात्र भरलेली. मानेवर काळे मखमली पट्टे. रक्त काढल्यावर तासाभराने लॅबच्या माणसाने मला बोलावून नळी दाखवली: वर दुधाच्या सायीसारखा पांढरा थर. ट्रायग्लिसराइड दोन हजारांच्या वर होतं. आईने तक्रार केली, 'हिला कितीही खायला घाला, हातापायाला काही लागतच नाही.' तेच तिचं दुखणं होतं. हातापायाच्या कातडीखाली चरबी साठवायची सोयच तिच्यात जन्मतः कमी होती. लायपोडिस्ट्रॉफी म्हणतात याला. खाल्लेलं तेल-तूप कुठे जाणार? यकृतात, स्नायूंत, रक्तात. चरबी नसल्यामुळे तिला लठ्ठ माणसाचे सगळे आजार झाले होते.

ज्यांना चरबी जवळजवळ अजिबातच नसते अशा रुग्णांत लेप्टिनचं इंजेक्शन जादू करतं. साखर आणि ट्रायग्लिसराइड झपाट्याने उतरतात. अमेरिकेत २०१४ साली त्याला मान्यता मिळाली ती याच आजारासाठी. त्याआधी, २००० साली, चरबीविरहित मधुमेही उंदरांच्या कातडीखाली साध्या उंदराची चरबी रोवून त्यांचा मधुमेह बरा करून दाखवला होता. चरबी घातली आणि साखर उतरली. हे वाचून मी खुर्चीत सरळ बसलो होतो.

आणि काढून टाकली तर? तेही करून झालंय. २००४ साली सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात सॅम्युअल क्लाइन यांच्या गटाने १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या कातडीखालची चरबी लायपोसक्शनने काढली. प्रत्येकीची साधारण ९ ते १० किलो, म्हणजे पाच लिटर तेलाच्या दोन डब्यांइतकी. लेप्टिन उतरलं, कंबर कमी झाली. पण इन्सुलिनचं काम, साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, कशातही सुधारणा नाही. तेच नऊ-दहा किलो कमी खाऊन उतरवले असते तर सगळं बदललं असतं. लायपोसक्शनने मधुमेह बरा होतो अशी जाहिरात कुठे दिसली तर ही १५ जणींची गोष्ट आठवा.

हे सगळं एकत्र लावायला मी पेशंटना कणगीचं उदाहरण देतो. सुगी झाली की धान्य कणगीत जातं. कणगी मोठी असेल तर कितीही पोती येवोत, घर नीट राहतं. कणगी छोटी असेल तर दोन पोती जास्त झाली की धान्य ओसरीवर, मग माजघरात, मग चुलीपाशी. मग घुशी लागतात. कातडीखालची चरबी ही कणगी. यकृत, स्वादुपिंड, स्नायू हे माजघर. तुमच्या पत्नींची कणगी मोठी आहे. तुमची ६० किलोलाच भरली असावी, आणि वरचे सहा किलो चुलीपाशी सांडलेत. न्यूकॅसलचे रॉय टेलर याला 'ज्याची त्याची चरबीची मर्यादा' म्हणतात. मर्यादा ओलांडली की आजार, मग काट्यावर आकडा कोणताही असो.

घुशी हे मी नुसतं उपमेसाठी लिहिलं नाही. पेशी ताणून ताणून फुगली की तिला रक्त पुरत नाही, काही मरतात, आणि मेलेल्या पेशीभोवती रक्तातल्या पांढऱ्या पेशी मुकुटासारख्या गोल जमतात. लठ्ठ माणसाच्या चरबीत अशा पेशींची अक्षरशः वस्ती असते, हे २००३ साली स्पष्ट झालं. त्या सोडतात ती रसायनं इन्सुलिनच्या कामात पाय घालतात. टीएनएफ-अल्फा हे त्यातलं सगळ्यात जुनं नाव, १९९३ सालचं.

नावं बाकी ढीगभर आहेत आणि त्यांच्यात फार शिरू नका. २००१ साली रेझिस्टिन आलं, उंदरांत मधुमेहाचा खलनायक म्हणून गाजलं, आणि माणसांत ते मुख्यतः चरबीच्या पेशीतून येतच नाही असं निघालं. २००५ साली विसफॅटिनचा गाजावाजा झाला, मूळ निबंधच २००७ साली मागे घ्यावा लागला. शिवाय चरबी पुरुषी हार्मोनचं इस्ट्रोजेन करते, रक्तदाब वाढवणाऱ्या साखळीतला पहिला पदार्थ बनवते, रक्त गोठण्याकडे झुकवणारं पीएआय-१ सोडते. पोट सुटलेल्या पुरुषांना छाती का येते आणि पाळी गेल्यानंतर जाड झालेल्या बायकांत स्तनाच्या कर्करोगाचा धोका का वाढतो, याचं एक कारण त्या इस्ट्रोजेनमध्ये आहे.

तुमची कणगी छोटी का, याचं उत्तर पुण्यात बऱ्याच अंशी सापडलंय. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं सगळ्याच मापांत छोटी होती, पोट आणि दंड तर फारच. पण पाठीवरची, खांद्याच्या फऱ्याखालची चरबी चिमटीत मोजली, तर ती मात्र जवळजवळ त्यांच्याइतकीच. म्हणजे हाडं-स्नायू-आतडी कमी पडली, चरबी नाही. नाळेच्या रक्तातही, इतक्या छोट्या बाळांत, इन्सुलिन जास्त आणि ॲडिपोनेक्टिन कमी. 'बारीक पण चरबीवालं बाळ' ही कल्पना जगाला तिथून मिळाली.

याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली लॅन्सेटमध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी एकच, २२.३. युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, याज्ञिकांच्या २१.२. एक मॅरेथॉन धावणारे, आणि दुसऱ्यांचा व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत गाठणं, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. तुमचा बीएमआय २२.८ येतो. कुणाशी जुळतंय बघा.

म्हणूनच आपल्याकडे बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, आणि कंबर पुरुषांत ९० सेंमी, बायकांत ८० सेंमी. २०२३ साली आलेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीत देशात सुमारे १० कोटी मधुमेही आणि १३.६ कोटी उंबरठ्यावरचे निघाले. पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के लोकांत होता, एकूण लठ्ठपणा २८.६ टक्क्यांत. या दोन आकड्यांमधल्या फटीत तुमच्यासारखे सगळे 'बारीक' बसलेत.

कंबर मोजायची कशी, हे नीट सांगतो, कारण पुरुष इथे हमखास फसवतात. विचारलं की सांगतात 'चौतीस'. ती पँटची साइझ, आणि पट्टा तर पोटाच्या खाली बांधलेला असतो. शर्ट वर करा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध शिंप्याची टेप आडवी धरा, श्वास सहज सोडा, पोट आत ओढू नका, मग वाचा. माझा अंदाज, तुमची ९० च्या पुढे निघेल. आरशात मान वळवून पाहा, काळपट जाडसर कातडी आहे का, कॉलरखाली बारीक चामखिळी आहेत का. तो इन्सुलिनला विरोध होत असल्याचा फुकटचा रिपोर्ट आहे.

लेप्टिन-ॲडिपोनेक्टिन पुन्हा करू नका. ॲडिपोनेक्टिन कमी आलं, ते तुमच्या ट्रायग्लिसराइड आणि यकृताने आधीच सांगितलं होतं. ते वाढवायचं औषध म्हणून कुणी काही विकत असेल तर लांब राहा. हार्ट फेल्युअर आणि किडनीच्या रुग्णांत ॲडिपोनेक्टिन जास्त असणाऱ्यांचंच भवितव्य वाईट दिसतं, इतकं ते सरळ नाही. पायोग्लिटाझोन नावाची मधुमेहाची जुनी गोळी आहे. ती नव्या, छोट्या चरबीपेशी तयार करवते, यकृतातली चरबी कातडीखाली हलवते आणि ॲडिपोनेक्टिन चांगलं वाढवते. वजन दोन-तीन किलो वाढतं आणि साखर उतरते. पेशंटला हे पटवणं महाकठीण. २०१३ साली आपल्या सरकारने मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून तिच्यावर बंदी घातली आणि काही आठवड्यांतच इशारा छापायच्या अटीवर उठवली. तुम्हाला आज तिची गरज नाही.

तुम्हाला गरज आहे पाच-सहा किलो उतरवण्याची. टेलर यांच्याच गटाने २७ च्या खालच्या बीएमआयच्या २० मधुमेहींचं वजन टप्प्याटप्प्याने सुमारे १० टक्के उतरवलं. त्यातल्या १४ जणांची साखर औषधाशिवाय मधुमेहाच्या खाली आली. तुम्ही तर अजून मधुमेहीही नाही. बायको-आई म्हणतील, 'अजून किती वाळणार?' त्यांना कणगीची गोष्ट सांगा. साखरेचा चहा आणि चारच्या चहासोबतचं फरसाण आधी बंद. रात्रीचा भात अर्धा, आणि त्याजागी मटकी, अंडी, दही, मासे, जे घरात चालतं ते. दारू घेत असाल तर तुमच्या ट्रायग्लिसराइडसाठी पूर्ण थांबवा आणि डॉक्टरांना खरं प्रमाण सांगा. नुसतं चालून भागणार नाही, कारण तुमच्यात कमी आहे तो स्नायू. आठवड्यातून तीनदा वजनं उचला, नाहीतर घरी जोर-बैठका मारा. यकृतासाठी एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट बघून वयानुसार एफआयबी-४ (यकृतात व्रण पडलेत का याचा अंदाज देणारा आकडा) काढून घ्या, आकडेमोड एका मिनिटाची आहे. हिमोग्लोबिनही तपासा. लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटंच वर दिसतं.

सध्या गाजणारी सेमाग्लुटाइड-टर्झेपेटाइडची इंजेक्शनं आतड्याच्या हार्मोन्सची नक्कल आहेत, चरबीच्या नव्हे. तुमच्या वजनाला ती बसत नाहीत. पत्नींना कदाचित बसतील, पण औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन-तृतीयांश वजन परत येताना दिसलंय. कारण आता तुम्हाला माहीत आहे: सैल पोती.

आणि पत्नींबद्दल एक. आजचे रिपोर्ट चांगले आहेत म्हणजे त्यांची कणगी अजून भरायची आहे, एवढंच. पाळी जायच्या सुमाराला बायकांची चरबी मांड्यांवरून पोटात सरकते आणि हेच रिपोर्ट चार-पाच वर्षांत फिरतात. गुडघे तर चरबीचे हार्मोन बघत नाहीत, किलो मोजतात. रात्री घोरत असतील, उठल्यावर डोकं दुखत असेल, तर झोपेची तपासणी करून घ्या. त्यांचीही कंबर त्याच टेपने मोजा, दोघांचे आकडे फ्रीजवर लावा आणि तीन महिन्यांनी उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड, एचडीएल आणि एचबीए१सी घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जा. पॅकेज नको, एवढंच सांगून रक्त द्या.